शेरा : काढू नये

आई, तुझा कॉम्प्युटर काल सकाळी माझ्या दुकानात आला. टॅक्सीच्या डिकीतून, जुन्या चादरीत गुंडाळलेला, वरून सुतळीच्या चार फेऱ्या. चादर सोडायच्या आधीच मी तो ओळखला, कारण चादरीबाहेर डोकावणाऱ्या कीबोर्डला तू शिवलेलं आवरण अजून होतं, आपल्या काळाचौकीच्या खोलीतल्या निळ्या फुलांच्या पडद्याचं. तुझ्यानंतर वाचनालयात जी बसते तीच घेऊन आली. तुझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत हाताखाली होती ना, बारीक, चष्मेवाली, पुस्तकांना कव्हरं घालायला तू जिला शिकवलंस, ती. आता तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय आणि आवाजही. टॅक्सीवाल्याशी तिने डिकी उघडण्यावरून चांगलीच हुज्जत घातली, मग आत येऊन पंख्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, बाईंची सगळी लिस्ट याच्यातच आहे. आणि हा काही केल्या सुरू होत नाहीये. रविवारी रद्दीवाला येणारे." काल गुरुवार होता.

तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, तेव्हा तुला मधलं सांगायला हवं. लालबागची ती इमारत आता पाडणार आहेत. वाचनालयाला परळला एका तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत, नवी इमारत होईपर्यंत. दोन खोल्यांत अर्धी पुस्तकं मावली तरी खूप. कुठली न्यायची ते ठरवायला यादी हवी, आणि तुझ्याही आधीच्या लोकांनी लिहिलेली ती जाडजूड दाखल रजिस्टरं मागच्या कपाटात वाळवीने पार पोखरून टाकली आहेत. वरून नुसती बांधणी दिसते, हात लावला की भुसा. उरली ती तू टाईप केलेली यादी. ती मिळाली तर जुनी, दुर्मीळ, पुन्हा न मिळणारी पुस्तकं आधी बाजूला काढता येतील. नाही मिळाली तर रविवारी जे हाताला लागेल ते गोण्यांत भरायचं, असं कमिटीचं ठरलं आहे. ती हे सांगताना रागावली होती, पण राग कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं, म्हणून माझ्या स्टुलावर काढला. धप्पकन बसली.

मी तारा जोडून बटण दाबलं. काळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ, अमुक नावाची फाईल सापडत नाही. ती ओळ तुला आठवत असेल. मला तर ती कधी विसरताच आली नाही. कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी ज्या दोन-तीन छोट्या फायली शोधतो त्यातली ती पहिली. बाकी सगळं जागच्या जागी असतं, पण सुरुवात कुठून करायची ते त्या फायली सांगतात. त्या नसल्या म्हणजे पुस्तकं कपाटात आहेत, वाचक दारात आहेत आणि किल्लीवाला आलेलाच नाही. ह्या वेळी कुणी काढलेली नव्हती, आतली हार्ड डिस्कची चकती म्हातारी होऊन तेवढा भाग खराब झाला होता. तुझी शप्पथ, तरीही ओळ वाचल्यावर मी पडदा त्या बाईच्या नजरेआड वळवला.

आधी मी धंद्यातला माणूस करील तेच केलं. चकती बाहेर काढली, दुसऱ्या मशीनला लावली, तुझी यादी शोधली, उतरवून घेतली. दहा मिनिटांचं काम. ती बाई टाळ्या वाजवायच्याच बेतात होती. उघडून पाहिली तर सगळ्या पानावर नुसत्या अगम्य खुणा, कंस, टिंबं, कुठल्या तरी परदेशी भाषेतली टोपीवाली अक्षरं. तू ज्या मराठी फॉन्टात टाईप केलंस तो आता कुणी वापरत नाही. आजच्या अक्षरांत बदलून पाहिलं, तर जोडाक्षरं सगळी विस्कटली आणि लेखकांची आडनावं ओळखू येईनात. त्या फॉन्टचा प्रोग्रॅम चालायला मशीनच्या मागे काडेपेटीएवढं एक कुलूप लावलेलं लागतं, तेही ह्याच डब्याच्या पाठीला, आणि ह्याच डब्याशी बांधलेलं. म्हणजे यादी वाचायची तर तुझाच कॉम्प्युटर उठवायला हवा होता. आधी खराब चकतीची सगळीच्या सगळी नक्कल एका धडक्या चकतीवर घ्यायला लावली. दुपारपर्यंत वेळ लागणार होता. म्हटलं, ताई, तुम्ही जाऊन या. म्हणाली, "नको, बसते मी." पिशवीतून डबा काढून मांडीवर ठेवला आणि खरंच बसली.

मग त्या चार तासांत मी दुसऱ्यांचे लॅपटॉप उघडत होतो आणि डोक्यात तू होतीस. तुझी काम करायची पद्धत सगळ्या लालबागला माहीत होती. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक. तो पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि कुणाला न सांगता एकविसाव्या पानावर. दसऱ्याच्या आधी आठ दिवस तू सगळी कपाटं रिकामी करायचीस, पुस्तक न् पुस्तक फडक्याने पुसून, क्रमांक बघून परत लावायचीस. ज्याला क्रमांक नाही ते कपाटात ठेवायचं नाही, हा तुझा कायदा. पण तू ते लगेच फेकतही नव्हतीस. टेबलावर ठेवायचीस आणि येईल त्याला विचारायचीस, हे तुमचं का, हे कुणाचं आहे माहीत आहे का. आठ दिवस विचारून झालं आणि कुणी वाली निघाला नाही तरच ते जायचं. घरीसुद्धा तू माझ्या खिशातला चुरगळलेला कागद मला दाखवल्याशिवाय टाकत नव्हतीस, आणि मी त्यावरून तुला चिडवायचो. विचारल्याशिवाय न फेकणारी बाई म्हणून तुझी ख्याती होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

कुणा वाचकाच्या ऑफिसातून वाचनालयाला कॉम्प्युटर मिळाला तेव्हा तू बावन्न वर्षांची. कार्यवाह म्हणाले, बाई, यादी यात घ्यायची. तू एका बोटाने सुरुवात केलीस. दुपारी एक ते चार वाचनालय बंद असायचं तेव्हा पंखा लावून, मांडीवर रजिस्टर घेऊन तू बसायचीस. मी एकदा आलो तर "ज्ञ" कुठे आहे ते शोधत होतीस. पाऊण तास शोधत होतीस म्हणे. मी उभ्या-उभ्या दाखवला तर इतकी खूश झालीस की माझ्यासाठी खालून कटिंग आणि बटाटवडा मागवलास. दीड-दोन वर्षं तू तेच केलंस. मी तेव्हा चोविशीत, नुकताच दुरुस्तीची कामं घ्यायला लागलेला, खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि तोंडात माज. मला वाटायचं, आईचा वेळ जातोय, जाऊ दे.

आता तो दिवस. दसऱ्याला आठ-दहा दिवस होते. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस येऊन तुझ्या यादीचा फोल्डर दिसेनासा झाला होता. तेव्हा हा रोग घरोघरी होता, फायली जात नव्हत्या, नुसत्या लपायच्या. तू मला फोन केलास. मी आलो. लपलेलं सगळं दिसू दे, असं मशीनला सांगितलं, तुझा फोल्डर बाहेर आला, व्हायरस साफ केला. पंधरा मिनिटं. पण लपलेलं सगळं दिसू दे म्हटलं की मशीनच्या स्वतःच्या फायलीही दिसायला लागतात, ज्या एरवी शहाणपणाने झाकून ठेवलेल्या असतात. त्या फिकट दिसतात, उन्हात राहिलेल्या पोस्टरसारख्या. काम झालं की त्या पुन्हा झाकायच्या असतात. मला दादरला एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, उशीर झाला होता, आणि मी त्या झाकल्या नाहीत. तू चष्मा वर करून पडद्याजवळ गेलीस.

"अरे, ही फिकट चित्रां कसली रे? आधी तर नव्हती."

"कचरा आहे गं. लक्ष नको देऊ."

"मगे काढूक होयो मां?"

"काढ नाहीतर ठेव. मी निघतो, उशीर होतोय."

मी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅगेची चेन लावत होतो. हे संभाषण इतकंच झालं आणि मला ते शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर मी ते इतक्या वेळा मनात उगाळलं की त्याची धार गेली नाहीच, उलट वाढली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू कपाटं आवरलीस आणि मग कॉम्प्युटरही आवरलास. त्याचंही कपाटच, नाही का? बाहेरून पुसलास, मग आत गेलीस. ज्या फायली तुझ्या नव्हत्या, ज्यांना क्रमांक नव्हता, ज्यांचं नाव कुठल्याही भाषेत लागत नव्हतं, ज्या फिकट पडल्या होत्या आणि ज्यांच्याबद्दल तू विचारून घेतलं होतंस, त्या काढल्यास. मशीन प्रत्येकीला इंग्रजीत विचारत होतं, नक्की ना? तू होय म्हणालीस. मग कचऱ्याचा डबाही रिकामा केलास, कारण भरलेला डबा तू सणाच्या आदल्या दिवशी कधीच ठेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी सरस्वतीच्या फोटोला हार, पुस्तकांना हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूची माळ. कार्यवाहांनी हौसेने बटण दाबलं आणि सात-आठ सभासदांसमोर ती काळी पाटी उभी राहिली.

मला बोलावणं आलं तेव्हा मी घरी वड्यांची वाट बघत होतो. धावत आलो. येऊन बघतो तर तू टेबलाच्या बाजूला उभी आहेस, नवी नऊवारी नेसलेली, हातात आपट्याची पानं. कार्यवाह, निवृत्त बँकवाले, शांत माणूस, कधी आवाज न चढवणारे, म्हणतायत, "बाई, दोन वर्षांचं काम आहे हे. काही काढण्याआधी निदान कुणाला विचारायचं तरी." आणि तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच, निमिषभर. मला त्या क्षणी सगळं कळलं, आणि तुला कळलं की मला कळलंय. मी तोंड उघडायला हवं होतं. मी बॅगेतून दुरुस्तीची सीडी काढली आणि वाकून ती मशीनमध्ये घातली. माझ्या पाठीमागे तू म्हणालीस, "चुकलंच माझं. आवरायच्या नादात राहून गेलं."

दुरुस्ती अवघड नव्हती. सीडीवरून मशीन सुरू करायचं, दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर जायचं, दोन फायली सीडीतून उतरवायच्या आणि तिसरी, सगळ्यात छोटी, नव्याने बनवायची. ती बनवताना मशीन विचारतं, ह्या नोंदीला नाव काय देऊ? पहिल्यांदा मी नेहमीचं नाव दिलं, पुढे कुठेतरी चुकलो, पुन्हा केलं. दुसऱ्यांदा त्याने नाव विचारलं तेव्हा माझे कान तापलेले होते. मागे सगळे उभे, तू उभी, आणि मला स्वतःचाच इतका संताप आला होता की तो कुणावर तरी काढायलाच हवा होता. त्या पडद्याला मराठी येत नव्हतं, म्हणून रोमन अक्षरांत मी टाईप केलं: आई हात लावू नकोस. मशीन पुन्हा सुरू झालं. दोन नोंदी झाल्यामुळे ते आता दर वेळी थांबून विचारणार होतं, कुठली घेऊ, आणि तीस सेकंद वाट बघून वरची आपोआप घेणार होतं. वर माझी ओळ होती. कार्यवाहांनी ती मोठ्याने वाचली आणि हसले. सगळे हसले. बरं झालं, वातावरण हलकं झालं, असं कुणीतरी म्हणालं. तूही हसलीस. मग सोनं वाटायला सुरुवात झाली, तू माझ्या हातात आपट्याची पानं ठेवलीस आणि म्हणालीस, "सोन्यासारखो ऱ्हव हां." मी वाकलोसुद्धा नाही तुझ्या पाया पडायला. पानं शर्टाच्या खिशात कोंबली.

घरी आलो तर काळ्या वाटाण्याची उसळ तयार होती. तू हात धुऊन लगेच वडे तळायला बसलीस, नऊवारीचा पदर खोचून. मी ताटावर बसून काहीतरी बोलायला सुरुवात केली, "आई, ते त्या दिवशी..." तू मागे न बघता म्हणालीस, "वडे निवतत. आधी जेव." मी जेवलो. मग निजलो. संध्याकाळी मित्रांकडे गेलो, आणि बोलायचं ते राहून गेलं. ते जाणूनबुजून राहू दिलं असं म्हटलं तर खरं होईल. कमिटीने नंतर ठराव केला, संगणकाचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं. तू मला हे जेवताना सांगितलंस, भाजीचा भाव सांगावा तसं. मी म्हटलं, बरं झालं, तुझी कटकट गेली. त्यानंतर मी वाचनालयाची पायरी चढलो नाही. काम वाढलं होतं, हे खोटं नाही, पण कारण ते नव्हतं. तू मधूनमधून म्हणायचीस, "कधी येतंस रे वाचनालयात? पाच मिनटांचा काम आसा." मी म्हणायचो, येतो. निवृत्त होईपर्यंत तू म्हणत होतीस, मग म्हणायची थांबलीस. मग आजार, मग सगळंच थांबलं. कसलं पाच मिनिटांचं काम ते मी कधी विचारलं नाही.

काल दुपारी तीनच्या सुमाराला नक्कल पुरी झाली. नवी चकती तुझ्या मशीनमध्ये बसवली, ड्रॉवरच्या तळातून जुनी सीडी शोधली. तीच, तेव्हाची, माझ्या तेव्हाच्या फुशारकीच्या अक्षरांत वर मार्करने नाव लिहिलेली. त्याच पायऱ्या. हात आपोआप चालत होते. ह्या वेळी छोटी तिसरी फाईल शाबूत होती, म्हणून ती नव्याने करायची गरज नव्हती. म्हणजे ती ओळ येणार. मी त्या बाईला म्हटलं, ताई, समोरून चहा सांगता का? ती म्हणाली, "आता नको, आता बघू दे." मशीन सुरू झालं. काळा पडदा, दोन ओळी, वरची उजळलेली, आणि कोपऱ्यात तीस, एकोणतीस, अठ्ठावीस.

मी एंटर दाबून ती घालवणार होतो. तिने माझा हात धरला. "थांबा ना दादा. बाई कधी दाबायच्या नाहीत." मग ती सांगायला लागली. ठराव झाला, पण नेमलेला माणूस दोनदा आला आणि मग आलाच नाही. कामाला कुणीच नाही म्हटल्यावर चार-सहा महिन्यांनी तू पुन्हा दुपारचा पंखा लावून बसायला लागलीस, कुणाला न सांगता. रोज मशीन सुरू करायचीस आणि ही ओळ आली की हात मांडीवर घेऊन तीस सेकंद तिच्यासमोर बसायचीस. मग कामाला लागायचीस. "मी एकदा म्हटलं बाईंना," ती म्हणाली, "की शेजारच्या सायबरवाल्याला सांगून काढून टाकू या ही ओळ, बरं नाही दिसत. तर म्हणाल्या, नको. त्याने लिहिलंय, तोच काढील." तिला हे सांगताना गंमत वाटत होती. मी काउंटरखाली काहीतरी पडलंय असं दाखवून खाली वाकलो आणि तीस सेकंद संपेपर्यंत वर आलो नाही. पाच मिनटांचा काम आसा. ऐकू येत होतं मला, तुझ्याच आवाजात.

मशीन उठलं. यादी उघडली. तुझी अक्षरं जशीच्या तशी, एकही जोडाक्षर न मोडलेलं. दाखल क्रमांक, नाव, लेखक, कपाट, कोठून आले, शेरा. शेऱ्यात तुझा स्वभाव: "पान बारा फाटले, चिकटवले." "वाचक परत देत नाहीत, आठवण करावी." "फार छान आहे." ठरावाच्या दिवशी यादी जिथे थांबली होती त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. ती बाई भराभर खाली सरकवत होती आणि मधेच ओरडली, "हे बघा, हे! दादा, ह्या तीन पुस्तकांनी मला वेड लावलंय. दर वर्षी मोजणीला मिळत नाहीत. मी गहाळ, गहाळ म्हणून लिहीत आले. सी नंबरचं कपाट तर आपल्याकडे नाहीच." मी वाचलं. सहा हजार दोनशे चौदा. नावाच्या रकान्यात, मराठीत, एकेक अक्षर सुटं करून: एन टी एल डी आर, काळ्या पडद्यावर सापडत नव्हती तीच फाईल. लेखक: रेघ. कपाट: सी. कोठून आले: मुलाने बसवून दिले. शेरा: काढू नये. आधी विचारावे. पुढच्या दोन क्रमांकांवर उरलेल्या दोन फायली, आणि सगळ्या रकान्यांत, वरीलप्रमाणे.

मी तिला समजावून सांगितलं की ही पुस्तकं नाहीत, आणि गहाळही नाहीत, ह्या डब्यातच आहेत, आणि सी म्हणजे आतल्या चकतीचं नाव. ती हसून हसून दमली. चष्मा काढून पदराने पुसला. मग जरा थांबून म्हणाली, "दादा, पण बाईंनी खरंच काढल्या होत्या का हो? कार्यवाह अजून सांगतात, बाईंनी एकदा कॉम्प्युटर झाडून काढला होता म्हणून. मला नाही पटत. बाई न विचारता काही फेकणाऱ्यातल्या नव्हत्या." दुकानात आम्ही दोघंच होतो, आई. कुणी घाईत नव्हतं, मला कुठल्या गिऱ्हाइकाकडे जायचं नव्हतं, वडे निवत नव्हते. ह्याहून सोपं करून मला कुणी काय विचारणार होतं? मी म्हटलं, "काढल्या होत्या." तिने मान हलवली. "असेल," म्हणाली, आणि चादरीची घडी घालायला लागली. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालोय मी, आणि काल पुन्हा तेच केलं.

आज सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम तुझं केलं. ती ओळ काढली. पाच मिनिटं म्हणालीस ना, दोनसुद्धा लागली नाहीत. आता मशीन कुठे न थांबता सरळ सुरू होतं. यादी सबंध छापून घेतली आहे, जाड गठ्ठा झालाय, वर तुझं कीबोर्डचं आवरणच बांधलंय. त्या तीन नोंदी मी काढलेल्या नाहीत, शेऱ्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असताना कशा काढणार? उद्या गठ्ठा घेऊन लालबागला जायचं आहे. कार्यवाह असतील, खूप थकले आहेत आता, पण येतात म्हणे, आणि कमिटीचे दोघंतिघं. यादी दिल्यावर त्यांच्यासमोर एक वाक्य बोलायचं ठरवलंय. "आईने विचारलं होतं, कचरा आहे असं मीच सांगितलं होतं." एवढंच आहे. हे सगळं दुकानातल्या रफ वहीत लिहितोय, ते कुठे पाठवायचं नाही आणि पाठवायला पत्ताही नाही. खरं सांगायचं तर सकाळपासून, गिऱ्हाईक नसताना, ते वाक्य मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा अर्ध्यावरच थांबलो.